थिबा राजाच्या चार मुली

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढले आणि १८८६च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. तिथे तो तीस वर्षांहून अधिक काळ राहिला आणि तिथेच वारला. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यामुळे ही एवढी गोष्ट महाराष्ट्रात बऱ्याच जणांना ठाऊक असते. राजाबरोबर त्याच्या मुलीही बंदिवासात होत्या, आणि गादीचा वारस म्हणायचा तर त्याच होत्या. त्यांच्याविषयी मात्र फार कमी बोलले जाते. राजाने निदान सात वर्षे राज्य केले होते, त्यातल्या बऱ्यावाईटाचा तो धनी होता. मुलींनी काहीच केले नव्हते. तरी या बंदिवासाची खरी किंमत त्यांनीच मोजली.

कॉनबाँग घराण्याचे राज्य ब्रह्मदेशावर १७५२पासून होते. थिबाचा बाप मिंडॉन हा या घराण्यातला कर्ता राजा. त्यानेच मंडाले ही राजधानी वसवली. १८७८ साली तो वारला तेव्हा त्याच्या अनेक राण्यांची मिळून पुष्कळ मुले गादीच्या रांगेत उभी होती. राजवाड्यातल्या कारस्थानात एका राणीने आपला जावई म्हणून थिबाला पुढे केले, आणि वयाची विशी न ओलांडलेला हा राजपुत्र राजा झाला. पुढच्याच वर्षी, १८७९च्या फेब्रुवारीत, राजघराण्यातल्या सुमारे ऐंशी जणांची कत्तल झाली. थिबाच्या आयुष्यावरचा हा डाग पुसता येत नाही. वारसाच्या दृष्टीने या कत्तलीचा परिणाम असा झाला, की गादीवर हक्क सांगू शकणारे फारसे कोणी उरले नाही. दोन राजपुत्र इंग्रजांच्या आश्रयाला पळून गेल्यामुळे वाचले. थिबा आणि पट्टराणी सुपयालात यांचा मुलगा लहानपणीच वारला. मागे राहिल्या त्या मुली.

राज्य जाण्याचे निमित्त सागवानाचे होते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या इंग्रज कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त ओंडके तोडून नेले, असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने तिला जबर दंड केला. फ्रेंचांशी वाढलेली थिबाची जवळीकही इंग्रजांना खुपतच होती. १८८५च्या नोव्हेंबरात जनरल प्रेंडरगास्टच्या फौजा आगबोटींतून इरावती नदीने वर चढल्या. पंधरवड्यात लढाई आटोपली. २९ नोव्हेंबरला राजाने शरणागती पत्करली आणि त्याच दिवशी त्याला व राण्यांना बैलगाड्यांत बसवून नदीकाठी नेण्यात आले. त्या गोंधळात राजवाड्यातल्या रत्नांना वाटा फुटल्या. त्यातले ‘ङा माउक’ नावाचे प्रसिद्ध माणिक नेमके कोणी नेले, हा वाद थिबा मरेपर्यंत चालू राहिला. १८८६च्या १ जानेवारीला उत्तर ब्रह्मदेश खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला.

राजाला आधी मद्रासला नेले. तिथे तिसरी मुलगी जन्मली. मग ‘क्लाइव्ह’ या जहाजातून हा परिवार १६ एप्रिल १८८६ला रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागला. रत्नागिरीच का, याचे उत्तर नकाशात आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. रेल्वे नाही, ती कोकणात यायला पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ जायचा होता. पावसाळ्याचे चार महिने आगबोटी बंद. गावात ब्रह्मी भाषा बोलणारे कोणी नाही, आणि ब्रह्मदेश तर भारताच्या पार पलीकडच्या अंगाला, दुसऱ्या समुद्रापलीकडे.

इतकी खबरदारी घेण्यामागे इंग्रजांचा जुना अनुभव होता, आणि तो वऱ्हाड-नागपूरच्या वाचकाला परका वाटणार नाही. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांना कैद करून १८१८ साली अलाहाबादकडे नेत असताना ते जबलपूरजवळून निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या मदतीने त्यांनी इंग्रजांना झुंजवले, मग असीरगड, पंजाब असे फिरत ते जोधपूरला पोचले. राजा मानसिंगाने त्यांना इंग्रजांच्या हवाली करायला नकार दिला, आणि १८४० साली तिथेच ते वारले. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण त्यानंतर नऊ वर्षांनी, १८४९ साली, वऱ्हाडात एक माणूस उभा राहिला. आपणच आप्पासाहेब, असे म्हणून त्याने फौज जमवली, आणि त्याला पकडायला हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणी धावपळ करत राहिल्या. मेलेल्या राजाचे नुसते नाव घेऊन माणसे गोळा होतात, तर जिवंत वारस काय करील, हा धडा कंपनी सरकारने गिरवला होता. ब्रह्मदेशातही तेच दिसत होते. मंडाले पडल्यावर कित्येक वर्षे तिथे बंडे होत राहिली आणि आपण राजवंशातले आहोत असे सांगणारे पुढारी जागोजागी निघाले.

सातारा आणि नागपूर इथे सरकारने वारसाचा प्रश्न दत्तक नामंजूर करून सोडवला. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८३९ साली पदच्युत होऊन काशीला गेले आणि १८४७ साली तिथेच वारले. सातारा १८४८ साली आणि नागपूर १८५४ साली खालसा झाले. नागपूरकरांच्या दागिन्यांचे तर लिलाव झाले. थिबाच्या बाबतीत दत्तकाचा प्रश्न नव्हता, कारण पोटच्या मुली होत्या. १८८७च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीतच चौथीही जन्मली. थोरली म्यात फया जी, दुसरी म्यात फया लात, तिसरी म्यात फया आणि धाकटी म्यात फया गले. या चौघी वाढणार कशा, शिकणार काय आणि लग्ने कोणाशी करणार, यावर राजवंशाचे पुढे काय होणार ते अवलंबून होते.

सुरुवातीला परिवाराला भाड्याच्या दोन बंगल्यांत ठेवले. राजाला सरकारी तनखा मिळे. पण तो राजेशाही थाटाला पुरत नसे, आणि थाट सोडणे राजा-राणीला जमत नसे. चाकरांना दरबारी रीतीने गुडघ्यांवर सरकतच पुढे यावे लागे. सणावाराला देणग्या देण्यात राजाचा हात सैल होता, आणि रत्नागिरीकरांच्या आठवणीत थिबा उदार म्हणूनच राहिला. खर्च भागवायला मंडालेहून आणलेले दागिने आणि रत्ने एकेक करून विकली गेली, सावकारांचे देणे वाढत गेले. राजावर देखरेख करायला सरकारी अधिकारी नेमलेला होता. राजाने कुठे जावे, कोणाला भेटावे, कोणाचे पत्र आत यावे, हे त्याच्या हातात. राजा मुंबई सरकारला, व्हाइसरॉयला अर्ज लिहीत असे. १९११ साली दिल्ली दरबारासाठी पाचवे जॉर्ज आले तेव्हा त्याने थेट त्यांच्याकडे आपल्या माणकाची मागणी केली. माणिक मिळाले नाही.

मुलींना मंडाले आठवणे शक्य नव्हते. थोरली देशातून निघाली तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. मंडालेहून आलेल्या ब्रह्मी दासी हळूहळू परत गेल्या आणि त्यांच्या जागी गावातल्या बायका कामाला लागल्या. अशा घरात मुलींना दोन जगे एकदम मिळाली. आईबापांसमोर त्या एका महान गादीच्या राजकन्या होत्या. चाकरमाणसांत त्या कोकणातल्या मुली होत्या आणि त्यांच्याशी इथल्याच बोलीत बोलत होत्या. नियमित शिक्षण कोणीच दिले नाही, सरकारने नाही आणि राजानेही नाही. बरोबरीच्या मैत्रिणी नाहीत, बाहेर जायचे तर परवानगी आणि पहारा. याच काळात पुण्यात मुलींच्या शाळा निघाल्या होत्या, पंडिता रमाबाईंसारख्या स्त्रिया देशभर गाजत होत्या. त्यामुळे या चार मुलींना काहीच न शिकवता वाढू देणे ही त्या काळाची रीत होती, असे म्हणून सुटता येत नाही.

लग्नाची गोष्ट याहून अवघड. कॉनबाँग घराण्यात राजरक्ताबाहेर राजकन्या देत नसत. थिबाला जावई हवे होते ते राजवंशातलेच. पण राजवंशातले बहुतेक पुरुष १८७९च्या कत्तलीत मारले गेले होते, आणि ती कत्तल त्याच्याच नावाने झालेली होती. जे कोणी उरले होते त्यांची स्थळे राजाला पसंत पडेनात. वर ब्रह्मदेशातच मिळणार, आणि मुलींना तिकडे पाठवण्याला सरकार राजी नव्हते. पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालू राहिला. राजाचा हट्ट आणि सरकारची सवड, या दोहोंच्या मध्ये मुलींची वये वाढत गेली. सरकारने लग्नाला सरळ मनाई केली नाही, हे खरे. मनाई करण्याची गरजच पडली नाही. १९१४ साली चौघींचा कान टोचण्याचा सोहळा थाटामाटाने झाला. ब्रह्मी रीतीत हा संस्कार मुलगी वयात येताना करतात. तेव्हा थोरली तेहतीस वर्षांची होती आणि धाकटी सव्वीस-सत्तावीसची.

तोपर्यंत थोरलीच्या आयुष्यात जे घडायचे ते घडून गेले होते. राजाच्या पदरी गोपाळ सावंत नावाचा दरबान होता. घरी बायकापोरे असलेला हा माणूस आणि राजकन्या यांचे प्रेम जमले, आणि १९०६ साली म्यात फया जीला मुलगी झाली. तिचे नाव टूटू. आईबापांना हा मोठा धक्का होता. सरकारलाही ही बातमी बाहेर जायला नको होती, कारण ब्रह्मदेशात तिचा बोभाटा झाला असता. राजकन्येने लाज सांडली, असा निवाडा तेव्हाच्या लोकांनी केला आणि पुढेही अनेकांनी तोच केला. पंचवीस वर्षांच्या मुलीला ज्या आवारात आयुष्य काढायचे होते तिथे दुसरे कोणते पुरुष तिच्या दृष्टीस पडत होते, हे विचारले की हा निवाडा टिकत नाही.

याच सुमारास सरकारने राजासाठी कायमचे घर बांधायला घेतले. भाट्ये खाडीच्या वरच्या टेकाडावर, सव्वीस-सत्तावीस एकरांच्या आवारात, लाखाहून अधिक रुपये खर्चून ते १९१० साली पुरे झाले. आराखड्यात राजाने स्वतः लक्ष घातले होते. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार कमानींच्या नक्षीदार लाकडी खिडक्या आणि मधोमध संगमरवरी फरशीचा मोठा दिवाणखाना. पश्चिमेला खाडीचे मुख आणि अरबी समुद्र. कोकणी हवेला सोसेल असे हे घर आहे आणि तरीही त्याला ब्रह्मी डौल आहे. हा वाडा बांधला जात असताना मंडालेच्या तुरुंगात रत्नागिरीत जन्मलेला एक कैदी होता. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ तिथे शिक्षा भोगत होते. साम्राज्याने मंडालेचा राजा रत्नागिरीत डांबला आणि रत्नागिरीचा पुढारी मंडालेत. याआधी शेवटचे मोगल बादशहा बहादूरशहा जफर यांना त्याने दिल्लीहून रंगूनला नेले होते आणि १८६२ साली ते तिथेच वारले होते. माणसाला त्याच्या माणसांपासून तोडायचे, पण हुतात्मा होऊ द्यायचे नाही, ही रीत इंग्रजांनी पुऱ्या आशिया खंडात वापरली.

नव्या वाड्यात राजाला सहाच वर्षे मिळाली. १९१२ साली धाकटी राणी सुपयागले वारली. १९१६च्या डिसेंबरात हृदयविकाराने थिबाही गेला. त्याचे वय सत्तावन्न होते. सुपयालातने देह ब्रह्मदेशात नेण्याचा आग्रह धरला आणि पुरायला नकार दिला. सरकार ऐकेना, राणी हटेना. दोन वर्षांहून अधिक काळ शवपेटी वाड्याच्या आवारात राहिली. शेवटी १९१९च्या मार्चमध्ये अधिकाऱ्यांनी राणीला न जुमानता राजाचा आणि धाकट्या राणीचा दफनविधी उरकून घेतला. ते थडगे आज रत्नागिरीच्या शिवाजीनगर भागात आहे.

बाप गेल्यावर दुसरी मुलगी म्यात फया लात हिने धीर केला. खिन माँग लात या ब्रह्मी गृहस्थाशी लग्न करायचे तिने ठरवले होते, आणि तो राजवंशातला नसल्याने आईचा कडवा विरोध होता. १९१७ साली तिने घर सोडून हे लग्न केले. पुढे हे जोडपे हिमालयाच्या पायथ्याशी कालिंपाँगला जाऊन राहिले. ती १९५६ साली तिथेच वारली.

बाकीचा परिवार १९१९ साली ब्रह्मदेशात परतला, पण रंगूनला. मंडालेला जाऊ दिले नाही. राणी सुपयालात रंगूनमध्ये सरकारी बंगल्यात राहिली आणि १९२५च्या नोव्हेंबरात वारली. मंडालेत दफन करण्याची परवानगी सरकारने नाकारली, म्हणून तिची समाधी रंगूनच्या श्वेडॅगॉन पॅगोडाजवळ आहे. तिसऱ्या राजकन्येने दोनदा लग्न केले. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यानंतरही काही वर्षे ती हयात होती.

चौथी, म्यात फया गले, ही चौघींत वेगळी निघाली. जन्म रत्नागिरीचा, मंडाले डोळ्यांनी पाहिलेले नाही, पण आपल्या हक्काची जाण तिलाच सर्वांत तीव्र होती. तिला इंग्रजी येत होते. राज्य आणि रत्ने परत मिळावीत म्हणून तिने सरकारकडे लेखी मागणी केली. त्याच सुमारास, १९३०च्या डिसेंबरात, साया सान याने स्वतःला राजा म्हणवून शेतकऱ्यांचे मोठे बंड उभारले, आणि राजवंशाच्या नावाची जुनी भीती सरकारच्या मनात पुन्हा जागी झाली. साया सानला १९३१ साली फाशी झाली. राजकन्येला पुढच्याच वर्षी रंगूनमधून हलवून मौलमीनला पाठवण्यात आले. बंदिवासात जन्मलेल्या या बाईला वयाच्या पंचेचाळिशीत पुन्हा हद्दपार व्हावे लागले. १९३६ साली ती मौलमीनलाच वारली. ब्रह्मदेशात आज थिबाच्या वंशाची जी शाखा आहे ती मुख्यतः तिच्या मुलांची. तिचा एक मुलगा, राजपुत्र तॉ फया, २०१९ साली वारला. त्याने कधी गादीवर हक्क सांगितला नाही, आणि स्वतंत्र ब्रह्मदेशातल्या सरकारांनीही या घराण्याला सत्तेच्या आसपास फिरकू दिले नाही.

थोरली राजकन्या मात्र रंगूनमध्ये रमली नाही. बहिणी आणि आई ज्या देशाला आपला म्हणत होत्या तो तिला परका झाला होता. टूटूला घेऊन ती रत्नागिरीला परत आली. सरकारने तिला लहानसा तनखा बांधून दिला. सावंतांचे स्वतःचे घर आणि संसार वेगळा होता. तिच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही. ज्या गावात टेकाडावर बापाचा वाडा उभा होता त्याच गावात ती साध्या घरात, ओढगस्तीत राहिली. १९४७च्या जूनमध्ये, भारत स्वतंत्र होण्याच्या दोन महिने आधी, ती वारली. 

टूटू कोकणातच वाढली आणि कोकणचीच झाली. तिचे लग्न पवार आडनावाच्या मोटार मेकॅनिकशी झाले. रत्नागिरीत तिने संसार केला, मुले वाढवली, गरिबीत दिवस काढले, शेणी थापून विकल्या. चेहरामोहरा ब्रह्मी, बोलणे मराठी. राजाची नात म्हणून लोक भेटायला येत, तेव्हा ती जे आठवेल ते सांगत असे. तिला आईच्या घराण्याचे नाव, तनखा, जमीन, यांतले काहीही मिळाले नाही. लग्नाविना झालेली मुलगी म्हणून राजवंशाने तिला आपले मानले नव्हते. २०००च्या ऑक्टोबरात ती वारली. रत्नागिरीतला थिबाचा वंश तिच्यापासून पुढे चालू आहे, आणि तो मराठी आहे.

वाड्याचा उपयोग पुढे सरकारी कामांसाठी होत राहिला. आता तो राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि त्यात वस्तुसंग्रहालय आहे. बरीच वर्षे ब्रह्मदेशातून इकडे फारसे कोणी फिरकत नव्हते. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या कादंबरीमुळे २००० साली हा विषय जगभर पोचला. त्यानंतर सुधा शहा यांनी कागदपत्रे धुंडाळून, हयात वंशजांना भेटून या कुटुंबाचा साद्यंत इतिहास लिहिला. मुलींची हकीकत आज जी काही नीट मांडता येते ती मुख्यतः या कामामुळे. २०१२च्या डिसेंबरात म्यानमारचे, म्हणजे आजच्या ब्रह्मदेशाचे, तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन राजाच्या थडग्यावर गेले. २०१६ साली थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा म्यानमारमधले त्याचे वंशजही तिथे आले. थिबाचे अवशेष मंडालेला न्यावेत ही मागणी अधूनमधून होत असते. तिच्यावर निर्णय झालेला नाही, आणि राजा अजून रत्नागिरीतच आहे.